मिठाचे ठोकळे

खोक्यावर छापलंय : वय आठ ते नव्व्याण्णव.
त्रिशा साडेसहाची, पण दात पडलेत चार,
म्हणून तिला घेतलं.
अप्पा एक्याऐंशीचे, दात उरलेत चार,
म्हणून त्यांनाही.

घणसोली, सेक्टर नऊ, तिसरा मजला.
मे महिना, शुक्रवारची दुरुस्ती, वीज नाही,
माझं घरून-काम जिथल्या तिथे थांबलेलं.
जेवणाच्या टेबलावर आम्ही बेट मांडलं :
सहाकोनी पुठ्ठे, हिरवं रान, पिवळं भात,
आणि निळ्या पाण्यालगत
पांढरे, मिठागरांचे.
मी नियम वाचणारा. प्रत्येक घरात एक असतो.

मृण्मयीला पंधरावं सरतंय.
सात सहा तऱ्हांनी पडतात, दोन एकाच,
हे ती सांगते
जसे कुणी बसचे नंबर सांगावेत.
संपदाचा एक कान कुकरकडे,
तरी कशी कोण जाणे, नेहमी दुसरी येते.
त्रिशाला जिंकायचं नसतं.
तिला सगळे पांढरे ठोकळे हवे असतात,
एकावर एक, पडेपर्यंत.

अप्पांच्या पहिल्या खेळीला
वाळूचं घड्याळ दोनदा उलटलं.
मग दोन्ही घरं थेट पाण्याच्या काठाला.
"आजोबा, मीठ सगळ्यात स्वस्त आहे."
"हाय. पन रोज पिकतं."
रस्त्याच्या काड्या मिळाल्या, त्या त्यांनी
रस्त्यासारख्या लावल्याच नाहीत.
पाण्याला धरून, सलग, एकीला एक चिकटून.
"हे काय?"
"बांद."
नियमांत बांध नाही. मी पानं उलटून पाहिली.

सातव्या फेरीत मृण्मयीला पत्ता आला : संपादन.
कुणाचाही एक पुठ्ठा ठरल्या भावानं घेता येतो.
मालकाची संमती लागत नाही.
मी मोठ्यानं वाचायला लागलो
आणि वाचता वाचता आवाज खाली गेला.
तिनं अप्पांसमोर चार नाणी ठेवली.
चांगली खेळी होती. मीही हीच केली असती.

अप्पांनी नाणी मोजली. परत मोजली,
बोटाला थुंकी लावून, पुठ्ठ्याची नाणी.
खिडकीखाली आमचं पार्किंग.
त्याच्याखाली काय होतं
ते या टेबलावर एकालाच ठाऊक.
मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

वाटलं, आता उठतील.
म्हणाले, "पान नऊ परत वाच."
वाचलं. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत :
जागा गेलेल्या खेळाडूस बंदरालगत
एक छोटा तुकडा मिळेल.
मागितला तरच.
"मांगतो," म्हणाले अप्पा.

दोन फेऱ्यांनी बंदर उघडलं,
आणि सगळ्यांच्या वाटा त्या तुकड्यावरून.
दर खेपेला एक नाणं.
मी पाच दिली, मृण्मयीनं आठ,
त्रिशानं नाण्याऐवजी एक पापा, तो चालला.
अप्पा चौदा गुणांनी जिंकले. संपदा दुसरी.

"तुम्हाला कसं कळलं, खाली काहीतरी लिहिलं असणार?"
अप्पा बांधाच्या काड्या वेचत होते,
एकेक, जशा लावल्या त्याच क्रमानं.
"मना त्या येलेला
कोनी वाचून दाखवलां नव्हतां."
बस. पुढे काही नाही.
मृण्मयीनं माझ्याकडे पाहिलं.
मी पुस्तिकेची घडी घातली, चुकली, परत घातली.

वीज आली. फ्रिज गुरगुरला.
खोकं भरताना एक पांढरा ठोकळा कमी.
खुर्च्या सरकवल्या, सोफा उचलला,
मग संपदाचं लक्ष गेलं : त्रिशाचा एक गाल फुगलेला.
पुढे केलेल्या तळहातावर तिनं तो टाकला,
ओला, दातांच्या खुणांसकट.
"खारट नाहीये," म्हणाली,
दुकानदारानं फसवल्यासारखी.

अप्पांनी तो सदऱ्याला पुसला,
डोळ्यांजवळ धरून फिरवून पाहिला,
आणि खोक्यात नाही,
खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात ठेवला.
"आजून पिकलां नाय," म्हणाले.